आत्याची वहिवाट

पुण्यात आल्यावर मी पहिल्यांदा जिच्या खोलीत भाड्याने राहिलो, ती आमची घरमालकीण जगातल्या झाडून सगळ्या माणसांना अरे-तुरे करायची आणि म्हशीला अहो-जाहो. म्हशीचं नाव बाईसाहेब. सकाळी सातला अंगणातून "चला बाईसाहेब, उशीर व्हायला लागलाय" असं ऐकू यायचं आणि त्याच दमात पुढचं वाक्य माझ्या दाराकडे तोंड करून, "ए नागपूर, ऊठ." मी गोंदियाचा. नागपूरहून गोंदिया आणखी बरंच पुढे आहे, हे मी पहिल्या आठवड्यात तिला तीनदा सांगून पाहिलं. तिच्या लेखी एकदा नगर ओलांडलं की पुढे सगळं नागपूरच होतं. शेवटी मीही त्या नावाला ओ देऊ लागलो.

तिला सगळे आत्या म्हणत. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, ती माहेरी परत आली, बापाने नदीकाठचं वीस गुंठे रान तिच्या नावावर करून दिलं आणि माहेरातच म्हातारी झाल्यामुळे ती अख्ख्या गावाची आत्या होऊन बसली. पुढे भाडेकरूंचीही झाली. तोंडावर मी तिला कायम 'तुम्ही'च म्हणत आलो. पण तिच्याबद्दल लिहायला बसलो की 'त्या आत्या' असं काही हातून उतरत नाही, तेव्हा तेवढं तिने सांभाळून घ्यावं.

गाव म्हणजे आता पुणंच. नदी तिथे मोठा वळसा घेते. धरणातून पाणी सोडलं की काठावर गाळाचा थर बसतो आणि त्या गाळात मेथी अशी येते की तिला खताचं नावसुद्धा सांगावं लागत नाही. एके काळी तिथून पहाटे मेथी-कोथिंबिरीचे टेम्पो भरभरून मार्केट यार्डात जात. मग गाव महानगरपालिकेत आलं, मळ्यांचे प्लॉट झाले, आणि ज्यांचे बाप मोट हाकत ते पांढरेशुभ्र कपडे घालून पांढऱ्या गाड्यांतून फिरू लागले. आत्याचं रान तेवढं राहिलं, कारण ते पूररेषेच्या आत होतं आणि तिथे इमारत बांधायला परवानगी नव्हती. ती म्हणायची, माणसांपासून रान राखायला मला पूर उपयोगी पडला.

खोली बघायला गेलो तेव्हा तिने मला नोकरी, जात, लग्न यातलं काही विचारलं नाही. समोर मेथीचा ढीग टाकला, केळीच्या सोपाची, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालीची, एक दोरी हातात दिली आणि म्हणाली, जुडी बांध. आमच्याकडे धानाची शेती. लहानपणी पेंढ्या बांधलेल्या. मी तशीच गाठ मारली. आत्याने ती जुडी हवेत उलटी धरून तीनदा झटकली. एक काडी पडली नाही. "ऱ्हा," ती म्हणाली. माझ्या आधी आलेल्या एका संगणक अभियंत्याची जुडी पहिल्याच झटक्याला सुटली होती, आणि तो बिचारा डिपॉझिट हातात घेऊन आला होता म्हणे. जो माणूस जुडी बांधू शकत नाही तो नळ काय बंद करणार, असा तिचा प्रश्न होता.

मंडईत ती स्वतः बसायची, आठवड्यातून दोनदा. पुणेरी गिऱ्हाईक आणि आत्या यांची जुगलबंदी मी पोटभर ऐकली आहे. एकदा एका गृहस्थांनी जुडी उचलून "ही ताजी आहे कशावरून?" असं विचारलं. आत्याने जुडी त्यांच्या हातातून काढून परत ढिगावर ठेवली आणि शांतपणे म्हणाली, तू चष्मा घेऊन उद्या ये. दुसऱ्या दिवशी तिचा मंडईचा वार नव्हता. गृहस्थ त्याच्या पुढच्या वारी आले आणि मुकाट्याने दोन जुड्या घेऊन गेले.

पण आत्याचा खरा वेडेपणा वेगळाच होता. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, सकाळी सातला, ती म्हशीला घेऊन रानात जायचीच. काम असो वा नसो. गावठाणातून रानात जायला जुनी पाणंद होती, म्हणजे गावाची सामाईक शेतवाट. मध्ये एक मोठी सोसायटी उभी राहिली आणि तिच्या कुंपणात ती पाणंद सापडली. सोसायटीने तिच्यावर फरशा बसवल्या, गावाच्या बाजूला पुढचं फाटक केलं, नदीच्या बाजूला मागचं. आत्या पुढच्या फाटकातून आत शिरायची, पार्क केलेल्या गाड्यांमधून बाईसाहेबांना नेत मागच्या फाटकाने बाहेर पडायची. एका पावसाळ्यात नदीचं पाणी रानात कमरेपर्यंत चढलं होतं, तरी दोघी मागच्या फाटकापर्यंत गेल्या, पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि परत आल्या. मी वैतागून विचारलं, यात काय मिळालं? तेव्हा तिने मला पहिल्यांदा नीट बसवून सांगितलं.

तिच्या बापाचा डोंगराकडे आणखी एक तुकडा होता. एका वर्षी तो चार महिने अंथरुणाला खिळला. तेवढ्यात शेजाऱ्याने तिकडे जायची वाट नांगरून टाकली आणि नंतर म्हणाला, इथून कोण जात होतं? रान राहिलं, पण जायला वाट नाही. अशा रानाचं काय करायचं? ते शेवटी त्या शेजाऱ्यालाच देऊन टाकावं लागलं.

"कागद असतोय रानाचा," आत्या म्हणाली. "वाटंचा कागद म्हंजी आपलं पाय. एक दिस खंड पडला तर समोरचा म्हनतो, वहिवाट मोडली."

सोसायटीचे सेक्रेटरी मूळचे सदाशिव पेठेतले, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, मोकळ्या हवेसाठी इकडे आलेले. मोकळ्या हवेबरोबर म्हैसही येईल याची त्यांना कल्पना दिली गेली नव्हती. माणूस सज्जन, पण नियमाला आणि सूचनाफलकाला हपापलेला. त्यांनी लावलेली एक पाटी मला अजून पाठ आहे: 'शेण ही खासगी मालमत्ता आहे. मालकाने ती सोबत न्यावी.' आत्याने ती माझ्याकडून वाचून घेतली, मान डोलावली, "शहाना मानूस हाय," म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून घमेलं बरोबर नेऊ लागली. तिच्या वाफ्यांना शेण हवंच होतं. सेक्रेटरींना वाटलं आपण जिंकलो, आत्यालाही वाटलं आपण जिंकलो. असा निकाल फार थोड्या भांडणांत लागतो.

पाट्यांनी भागेना तेव्हा त्यांनी फाटकावर अभ्यागतांची नोंदवही ठेवली आणि वॉचमनला सांगितलं, जो कोणी आत येईल त्याची नोंद झालीच पाहिजे, म्हशीचीसुद्धा. रोज उभं राहून नाव-गाव लिहायचा कंटाळा येऊन म्हातारी आपोआप बंद होईल, असा त्यांचा होरा होता. वॉचमन लातूरकडचा, वयस्क, स्वभावाने गरीब. त्याला लाज वाटायची, तो म्हणायचा, जा हो आत्या, मी नाही लिहीत. आत्या जागची हलायची नाही. "लिव," म्हणायची. त्याने लिहिलं की मला किंवा येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही थांबवून ते वाचून घ्यायची. तारीख, वेळ, म्हैस आत, म्हैस बाहेर. मला तेव्हा वाटायचं, हिला आपलं नाव वहीत आलेलं बघायची हौस आहे. मी किती बावळट होतो.

एकदा तिला सणकून ताप भरला. सकाळी सातला माझ्या दारात ती भिंतीला धरून उभी. डोळे लाल. दावं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, तू जा. त्या दिवशी सव्वासातला माझी परदेशातल्या लोकांशी मीटिंग होती. मी कानात हेडफोन, पाठीवर लॅपटॉपची बॅग आणि हातात दावं अशा अवतारात सोसायटीच्या फाटकात पोहोचलो. बाईसाहेब मला ओळखत असूनही ओळख दाखवेनात. पार्किंगच्या मध्यावर त्या थांबल्या आणि असा हंबरडा फोडला की मीटिंगमधले सगळे गप्प झाले. आमच्या मॅनेजरनं विचारलं, तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, हो, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे. मागच्या फाटकातून बाहेर पडून, रानातल्या बांधावर बाईसाहेबांना पाय ठेवायला लावून मी परत आलो. आत्या गोधडीत होती. ताप किती आहे हे बघायला मी कपाळावर हात ठेवला, तर तिने डोळे न उघडता एवढंच विचारलं, "वहीत लिवलं का?"

मग ती दिवाळी आली. मी गावी गेलो, अर्धी सोसायटी सुट्टीला बाहेर गेली. भाऊबीज उरकून मी परतलो, त्याच्या दुसऱ्या सकाळी नेहमीसारखा दोघींबरोबर निघालो, कारण मेथी ऐन काढणीला आली होती आणि मी जुड्या बांधायला जाणार होतो. पुढच्या फाटकातून आत गेलो. मागच्या फाटकाची जागा आली. आदल्या सकाळी आत्या ज्यातून गेली होती ते फाटक नव्हतं. तिथे सोसायटीने एका दिवसरात्रीत बांधलेली, माझ्या डोक्याच्या वर जाणारी विटांची भिंत उभी होती, गिलावा अजून ओला होता.

आत्याने त्या ओल्या गिलाव्यावर तळहात ठेवला. मग ती खाली बसली. सात वर्षं मी तिच्याकडे राहिलो, या बाईला काम सोडून जमिनीवर बसलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं. मला भीती वाटली. भिंतीपलीकडे तिचं रान होतं, दुसऱ्या अंगाने खोल नाला, उरलेल्या दोन अंगांनी वळसा घेतलेली नदी. बापाचं गेलं तसंच हेही गेलं, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. मी काहीबाही बोलत होतो, आपण पोलिसांत जाऊ, नगरसेवकाकडे जाऊ. तिने ऐकलं नाही. पाचेक मिनिटांनी ती गुडघ्यावर हात देऊन उठली, म्हशीला वळवलं आणि पुढच्या फाटकाशी वॉचमनसमोर येऊन उभी राहिली.

"लिव," ती म्हणाली. "म्हैस आली. भित हाय. म्हैस परत गेली."

त्याने लिहिलं. त्यानंतर रोज लिहिलं. वाट अडवली की सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे अर्ज करावा लागतो, हे तिला पक्कं माहीत होतं. अर्ज मी लिहून दिला. पण अर्ज केला म्हणून आत्या घरी बसली नाही. रोज सकाळी सातला दोघी भिंतीपर्यंत जात आणि परत येत. गावात लोक हसू लागले. पांढऱ्या गाडीवाले एक-दोघं समजवायला आले, की आत्या, रान सोसायटीला बागेसाठी देऊन टाक आणि मोकळी हो. तिने त्यांना चहा पाजला आणि त्यांच्या बापांची नावं घेऊन, ते कोणत्या वाटेने कुठे जात असत ते सविस्तर सांगितलं. ते पुन्हा आले नाहीत. कपाशी-तुरीच्या नव्हे, साध्या मेथीच्या वीस गुंठ्यांसाठी ही बाई एवढी झिजते आहे, हे पाहून मला एखाद्या सकाळी रडू यायचं. मी ते तिला दाखवलं नाही, ती म्हणाली असती, नागपूरला पानी जास्त झालंय.

हिवाळा सरत आला तेव्हा तहसीलदार स्वतः पाहणीला आल्या. तरुण बाई होत्या, कामाला चोख. भिंत पाहिली, नकाशा पाहिला आणि सोसायटीच्या हॉलमध्येच दोन्ही बाजू ऐकायला बसल्या. सेक्रेटरींनी टंकलेखन केलेलं म्हणणं वाचून दाखवलं. ते त्यांचं स्वतःचं नव्हतं, शेजारी बसलेल्या सोसायटीच्या वकिलांनी लिहून दिलेलं होतं. त्यात होतं की हा सोसायटीचा अंतर्गत रस्ता असून बांधकाम झाल्यापासून त्यावरून शेतीसाठी कोणीही ये-जा केलेली नाही. वाचताना त्यांचा आवाज जरा घसरला हे माझ्या लक्षात आलं.

तहसीलदारांनी आत्याला विचारलं, साक्षीदार कोण आहेत? गावातलं कोणी आलं नव्हतं. ज्यांची जमीन विकली गेली त्यांचे बिल्डरशी अजून संबंध होते. मी उभा राहिलो, पण भाडेकरूच्या साक्षीला कितीसं वजन?

"पोरी, माझा साक्षीदार हाच," आत्याने सेक्रेटरींकडे बोट केलं. "त्याच्या फाटकावरच्या वह्या माग."

वॉचमन इतक्या चपळाईने उठला की तो याचीच वाट बघत होता, हे सगळ्यांना कळलं. सात जाड वह्या त्याने टेबलावर आणून ठेवल्या. तहसीलदारांनी पहिली उघडली आणि मोठ्याने वाचू लागल्या. अभ्यागताचे नाव: म्हैस. कोणाकडे: नदीकडे. कारण: शेती. वेळ सात दहा. हॉलमध्ये हशा पिकला. त्या पान उलटत राहिल्या आणि हशा हळूहळू विरला, कारण एकही दिवस सुटलेला नव्हता. पुराचे दिवस होते. तापाचा दिवस होता, त्यात 'म्हशीसोबत: भाडेकरू, नागपूर' अशी माझीही नोंद होती. आणि शेवटच्या वहीत रोज एकच ओळ होती, म्हैस आली, भिंत आहे, परत गेली. प्रत्येक पानाच्या तळाशी 'तपासले' असं लिहून खाली सही.

"ही सही कोणाची?" तहसीलदारांनी विचारलं.

वकील काहीतरी बोलायला उठले. सेक्रेटरींनी त्यांना हाताने बसवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"माझी," ते म्हणाले. "मी न वाचता सही करत नाही."

मग त्यांनी मघाशी वाचलेला कागद दुमडून खिशात ठेवला. त्या क्षणी मला त्या माणसाबद्दल जो आदर वाटला तो आजवर कमी झालेला नाही. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि पदराने तोंड पुसलं.

दोन आठवड्यांनी निकाल आला. भिंत काढून वाट पूर्वीसारखी मोकळी करावी आणि पुन्हा अडवू नये. भिंत पाडायच्या दिवशी इतके दिवस न फिरकलेलं अख्खं गाव हलगी घेऊन हजर. गुलाल आणला होता. कोणी बाईसाहेबांच्या शिंगांना फुगे बांधले. आत्याने फुगे तेवढे काढायला लावले, म्हणाली, त्या बुजतात. शेवटची वीट निघाली तशी ती पुढच्या फाटकातून आत शिरली. हलगी कडाडत होती, सोसायटीच्या बायका गॅलऱ्यांतून टाळ्या वाजवत होत्या, वॉचमन उघड उघड रडत होता, आणि ही बाई मान वर करून, गुलालाने माखून, म्हशीच्या पुढे चालत होती. पेशवाई परत आली असती तरी पुण्यात एवढा रुबाब दिसला नसता.

रानात पोहोचल्यावर मात्र माझं तोंड उतरलं. आम्ही सोडून गेलो होतो ती हिरवीगार मेथी गुडघ्याच्या वर गेली होती, पिवळी पडून कडक वाळलेली. खायच्या लायकीची एक काडी नव्हती. मी म्हटलं, आत्या, सगळं वाया गेलं हो.

तिने एक शेंग तोडली, चुरडली आणि माझ्या तळहातावर दाणे सांडले.

"वाया कशानं?" ती म्हणाली. "बी झालं की."

दुसऱ्या दिवशी तिने ती सगळी मेथी कापली, भारे करून वर आणली आणि मळणीसाठी पसरली, कुठे, तर सोसायटीच्या फरशांवर, दोन्ही फाटकांच्या मधोमध. रस्त्यावर पीक टाकायचं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी मळून घ्यायचं, ही आमच्याकडची जुनी रीत, पण सोसायटीतले लोक बावचळले. कामावर निघालेल्या गाड्यांची रांग लागली. कोणी पुढे येईना, कोणी हॉर्न वाजवेना. सगळे सेक्रेटरींकडे पाहू लागले. ते इस्त्रीच्या पँटमध्ये फाटकाशी उभे होते. मला वाटलं, आता नवी पाटी लागणार.

ते स्वतःच्या गाडीत जाऊन बसले. गाडी सुरू केली आणि अगदी हळू, खिडकीतून मान बाहेर काढून चाकांकडे बघत, मेथीवरून नेली. शेंगा तडतड फुटल्या. टोकाला पोहोचल्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि आत्याकडे पाहिलं. ती रस्त्याच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी होती.

"अजून येकदा," ती म्हणाली. "मागं घे."

सेक्रेटरींनी गाडी मागे घेतली.